पाटीवरची मैत्रीण

"पोरगी सुकून राहिली, गुरुजी. कायले ठेवू इथं?" दुलीचंद शाळेच्या ओट्यावर टेकत म्हणाला. "आश्रमशाळेत टाकतो. तिथं चार पोरी तरी दिसतील."

रेवाराम गुरुजींनी हातातला खडू खाली ठेवला. चिचगडच्या जंगलातल्या त्या टोल्यावर, मोजक्या घरांच्या वस्तीवर, शाळेला दोन खोल्या होत्या, घंटा होती आणि पट होता एकाचा. दुलीचंदची दुर्गेश्वरी, इयत्ता दुसरी. ती गेली की शाळेला कुलूप आणि गुरुजींची बदली. खरं सांगायचं तर बदलीचं त्यांना काही नव्हतं. पण एकटा जीव सदाशिव म्हणायला ठीक. दिवसभरात त्यांच्याशी बोलणारं तेवढं एकच तोंड होतं. पन्नाशीतला माणूस मधल्या सुट्टीत लंगडी घालायचा, ती काय हौस म्हणून?

त्या संध्याकाळी ते रेंजसाठी टेकाडावर चढले आणि शिक्षकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं, "माझ्या एकुलत्या एक विद्यार्थिनीला अभ्यासाला जोडीदार हवी. कोणाकडे आहे?"

सालेकशाकडच्या अल्का मॅडमचं उत्तर आलं. "माझ्या शाळेच्या संध्याकाळच्या वर्गात एक आहे. नुकती अक्षरं गिरवू लागली आहे. नाव जमुना."

मग पाट्यांचे फोटो जाऊ-येऊ लागले. जमुनाचा 'ज' दर वेळी आडवा पडायचा. दुर्गेश्वरी कपाळाला हात लावायची आणि मोठा 'ज' काढून पाठवायची. "असा काढ म्हणा तिले, गुरुजी!"

हळूहळू इतर बातम्याही यायला लागल्या. जमुना लाजते, फोटो काढू देत नाही. जमुनाचे पुढचे दात पडलेत. जमुना आज लवकर घरी गेली, चूल पेटवायची होती. दुर्गेश्वरीचेही दोन दात पडले होते. तिला फार बरं वाटलं. ती आता घंटेच्या आधी येऊन बसायची. गुरुजींची लंगडी सुटली. सुटली तर थोडं चुकल्यासारखंही वाटलं त्यांना.

दुलीचंद मात्र बधला नाही. "फोनातली मैत्रीण का मैत्रीण असते? दाखवा तरी. आली तर ठेवतो पोरगीले, नाही तर घेऊन जातो."

गुरुजींनी अल्का मॅडमना सव्वीस जानेवारीचं बोलावणं धाडलं. "जमुनाला आणा. एका पोरीचं इथं राहणं तिच्यावर आहे." मॅडमनी लिहिलं, "विचारलं. येते म्हणाली. आठवडाभर झोपली नाही."

झेंडावंदन झालं. दुर्गेश्वरी दोरीच्या उड्यांची दोरी घेऊन रस्त्याकडे डोळे लावून उभी होती. खिशात दोन केळी होती, कारण दात नसलेल्या पोरीला चणे कसे द्यायचे? दुलीचंद जरा मागे, हाताची घडी घालून उभा राहिला.

जीप आली. आधी अल्का मॅडम उतरल्या. मग त्यांनी हात देऊन एका म्हातारीला उतरवलं. तिनं पाटी छातीशी धरली होती. दुर्गेश्वरी तिला वळसा घालून जीपपाशी धावली आणि आत डोकावली. जीप रिकामी होती.

"जमुना कुठं आहे?" तिनं रडवेल्या आवाजात विचारलं.

म्हातारी हसली. तिच्या तोंडात पुढचा एकही दात नव्हता. तिनं पाटी जपून ओट्यावर ठेवली, पांढऱ्या केसांवर पदर घेतला आणि सात वर्षांच्या पोरीपुढे वाकली.

"पाय पुढं करा, बाई," ती म्हणाली. "तुमीच शिकवला ना मले 'ज'."