सुयांची उशी

साखरखेर्ड्याच्या नीळकंठ शिंप्याला प्रेमला दुसरेपणावर दिलेली. त्याची बायको चारुलता साथीच्या तापात गेली होती. बोथट झालेल्या सुईला धार यावी म्हणून प्रेमलानं मशीनवर वाळूचा कागद शिवायला घेतला.

"नको," नीळकंठ म्हणाला. "त्याची रेती मशीन खाऊन टाकते. सुया या उशीत खुपसून ठेवत जाय. आतल्या केसाईच्या तेलानं गंजत नाहीत, टोक शाबूत राह्यते."

उशीची शिवण एका बाजूनं उसवली होती. आत काळे, सरळ केस होते आणि त्यांच्याखाली पिंगट, कुरळे.

"काळे थोरलीचे असतीन," प्रेमलानं विचारलं. "अन् हे कोनाचे?"

"तिच्या आधीच्या यमुनेचे."

सकाळी प्रेमला केस विंचरत होती. नीळकंठ उशी घेऊन तिच्यापाशी येऊन बसला.

"गुंतवळ फेकू नको," तो म्हणाला.