थोरलीच्या पदरात

घुगऱ्या खारट झाल्या होत्या. तानूबाईंनी चार दाणे तोंडात टाकले आणि धाकट्या सुनेकडं बघितलं.

"दोनदा मीठ घातलंस गं. डोकं कुठं हाय तुझं?"

कुठं असणार? बाहेर मांडवात बारशाला निम्मं सणसर गाव लोटलं होतं, आणि प्रतिक्षाचं बाळ तिच्या थोरल्या जावेच्या, राजेश्वरीच्या मांडीवर होतं. आजपासून ते राजेश्वरीचंच. तिची कूस काही उजवली नव्हती. बाळ पोटात असतानाच प्रतिक्षा आपल्या तोंडानं म्हणाली होती, एक हायच मला, हे दुसरं आक्कांच्या पदरात घालीन. कुणी बळजबरी केली नव्हती. चांगुलपणाची हौस, दुसरं काय!

"आत्या, मला न्हाय जमायचं."

"अगं, शब्द तूच दिला व्हतास ना?"

"व्हय. पर शब्द देणारी ती बाई येगळी व्हती. पोट रिकामं झालं, डोकं झालं न्हाय. गॅसवर काय ठिवलंय ध्यानात ऱ्हात न्हाय, आन् तिकडं त्यानं नुसती हालचाल केली तरी मला हितं कळतंय."

तानूबाईंनी पदरानं डोळे टिपले. "मला का कळत न्हाय, बाई? मीबी आईच हाय. पर आता माघारी घेतलंस तर थोरली जगायची न्हाय."

तेही खरंच होतं.

तेवढ्यात मांडवात बाळानं टाहो फोडला. कुणी म्हणे भूक, कुणी म्हणे दृष्ट. राजेश्वरी बाळाला घेऊन धावतच आत आली. तोंडाला लावलेली दुधाची बाटली ते जिभेनं ढकलत होतं, आणि तिचा चेहरा पार उतरला होता.

प्रतिक्षानं दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले. मान वर केली नाही.

"टोपड्याचा बंद काचतोय, आक्का. सैल करा."

राजेश्वरीनं बंद सोडला. हनुवटीखाली लाल वळ उठला होता. बाळ हुंदके देत देत निवलं.

"तू तर बघितलंबी न्हाईस. कसं कळलं गं?"

"रडण्यावरनं."

राजेश्वरी तिच्याजवळ खाली फरशीवरच बसली. तेल लावणं, न्हाऊ घालणं, शेक देणं, सगळं ती हौसेनं शिकली होती. एवढंच राहिलं होतं.

"मला शिकीव की ते," ती काकुळतीला येऊन म्हणाली.

आता मात्र प्रतिक्षाला रडू आवरलं नाही.

"देता आलं असतं तर तेबी दिलं असतं, आक्का."