पांढरा कण

निरोपाच्या दिवशी बाईंनी सगळ्यांशी हात मिळवला. सरांचा हात तर त्यांनी जरा जास्तच वेळ धरून ठेवला. एकवीस वर्षांत त्यांचा मोजे न घातलेला हात इथे कुणी पाहिला नव्हता. सरांना गहिवरून आलं.

मग "एकदा शेवटचं बघून घेते" म्हणत बाई प्रयोगशाळाभर फिरल्या. कपाटं उघडली, तराजूवरून बोट फिरवलं, बाटल्यांची झाकणं काढून परत लावली. कोटाच्या खिशात रुमाल होता आणि रुमालात चिमूटभर पांढरी पूड.

ती पूड काय आहे, हे फक्त बाईंना ठाऊक होतं. इथल्याच टेबलावर त्यांनी मधाच्या रंगाचे स्फटिक वाढवले होते. सुईसारखे बारीक, जरा दाबले की वीज देणारे. कानाच्या मशीनमध्ये बसतील, असे. पण दोन वर्षांपूर्वी एका सकाळी एका नळीत पांढरा ठिपका दिसला. ना कुणी तापवलं, ना गार केलं. टेबलावर ठेवल्या ठेवल्या, खोलीतल्या साध्या हवेत, दुपारपर्यंत अख्खी नळी खडूसारखी झाली. स्फटिकांची आतली रचनाच बदलली होती. आता कितीही दाबा, वीज म्हणून नाही. आणि त्यातला डोळ्यांना न दिसणारा एक कण दुसऱ्या नळीत पडला, की तिचीही तीच गत. पांढरं झालेलं पुन्हा पिवळं होत नव्हतं. बाईंनी ती नळी बंद करून घरी नेली आणि आठवडाभर खोली धुतली. सगळ्यांची मेहनत वाचली. त्यांनी कुणाजवळ ब्र काढला नाही.

पुढे शोधनिबंध छापून आला. वर सरांचं नाव, त्याखाली सरांच्या भाच्याचं. बाईंचं नाव शेवटी आभारात, इमारतीच्या रखवालदाराच्या शेजारी. त्या विचारायला गेल्या, तर सर हसून म्हणाले, "अहो बाई, स्वयंपाक कुणी केला हे पाहुणे विचारतात का? यजमान कोण, तेच लक्षात राहतं."

त्याच आठवड्यात बाईंनी राजीनामा लिहिला आणि दुसऱ्या संस्थेत बोलणं लावलं. तिथल्या साहेबांनी शब्द दिला, पहिलं नाव तुमचं. बेत सरळ होता. इथले स्फटिक मरतील, तिथे उगवतील, आणि ते बनवणारी जगात एकटी मी.

पाचव्या दिवशी सरांचा फोन आला. आवाज पार उतरला होता. "बाई, सगळं पांढरं पडतंय हो. नवं केलं तरी तेच. भाचा रडकुंडीला आलाय. तुम्ही नेमकं काय करायचा?"

"स्वयंपाक," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. त्या दिवशी त्या दोन घास जास्त जेवल्या.

नव्या कामावर जाण्याआधी त्यांनी तो कोट आणि रुमाल जाळला. घरातली नळी खोल पुरली. चपला, पर्स फेकून दिली. नखं मुळापासून कापली, केस तीनतीनदा धुतले. कृती त्यांनी आधीच लिहून पाठवली होती, सामान जमवायला म्हणून.

पहिल्या दिवशी साहेब स्वतः टेबलाशी उभे राहिले. द्रावण निवत आलं आणि तळाशी मधाच्या रंगाच्या सुया फुटल्या. कुणीतरी टाळी वाजवली. बाई कौतुकानं खाली वाकल्या. तेवढ्यात एका सुईच्या टोकावर पांढरा ठिपका उमटला. चहा येईपर्यंत नळी पांढरीफटक. बाईंनी दुसऱ्यांदा केलं. तिसऱ्यांदा केलं, कोरी काच, कोरे मोजे. तेच.

"होतं असं," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले आणि निघून गेले.

तिथली रसायनतज्ज्ञ, पंचविशीतली मुलगी, बाईंजवळ आली. तिच्या हातात झाकण लावलेली नळी होती. आत पिवळ्याधमक सुया.

"बाई, मनाला लावून घेऊ नका. तुमच्या कृतीत काहीच चूक नाही. काल तुम्ही यायच्या आधी मी करून पाहिली, पहिल्याच खेपेला जमली. ही बघा, उघडून दाखवते."

बाई भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकल्या.

"झाकण काढू नकोस," त्या म्हणाल्या. "मी या खोलीत असेपर्यंत तरी."