पहिलं नाव

'आगाऊ रक्कम नको. थेंबभर रक्त द्या, आयुष्य उरलंय तेवढी कर्जाची मुदत घ्या,' ही पाटी वाचूनच देविदास आणि उज्ज्वला बँकेत शिरले होते. बायकोच्या नावावर घर घेतलं की मुद्रांक शुल्कात सवलत मिळते, म्हणून अर्जात उज्ज्वलाचं नाव पहिलं होतं.

यंत्राने दोघांच्या बोटांतून रक्त घेतलं. पडद्याकडे बघून अधिकाऱ्याने घसा खाकरला.

"साहेब, तुमच्या एकट्याच्या नावावर करू. एकतीस वर्षं बसतात."

"आणि माझ्या?" उज्ज्वलाने विचारलं.

"मॅडम, आयुष्य सांगायची आम्हाला परवानगी नाही."

"मग मुदत सांगा."

अधिकाऱ्याने पडदा स्वतःकडे वळवला. देविदास ताडकन उठला. "चल. भाड्याचंच बरं आहे आपलं."

"बसा हो तुम्ही." तिने बाही धरून त्याला खाली बसवलं. मग अर्ज पुढे ओढला, स्वतःचं नाव स्वतःच खोडलं आणि विचारलं, "ताबा दिवाळीपर्यंत मिळेल ना?"

अधिकाऱ्याने पुन्हा एकदा पडद्याकडे पाहिलं.

"गणपतीतच घ्या, मॅडम," तो हळूच म्हणाला.