गार्गीची राहिलेली पाटी

गार्गी डेंग्यूने गेली, तेव्हा तिच्या घरगुती रेझिनकामाची एकच ऑर्डर राहिली होती. एका बाईंना वास्तुशांतीसाठी नावाची पाटी हवी होती. "त्यांना जमणार नाही म्हणून कळवा," असं मालतीबाईंनी नवऱ्याला सांगून पाहिलं, पण वामनराव ऐकेनात. लेकीने शब्द दिला होता.

सिलिकॉनचा साचा तिने स्वतःच घडवून ठेवला होता. रेझिन कसं ओतायचं, ते वामनराव तिच्याच मोबाइलवरचा तिचा व्हिडिओ बघून शिकले. "सावकाश ढवळायचं, घाई केली की बुडबुडे येतात," गार्गी त्यात हसत सांगायची आणि तो आवाज ऐकला की मालतीबाई तोंडाला पदर लावून आत निघून जायच्या.

पहिली पाटी चिकटच राहिली. दुसरीत बुडबुडे आले. मग एका दुपारी मालतीबाई आपणहून शेजारी येऊन बसल्या. "परत लावा. नीट ऐकू या," म्हणाल्या. झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्याही त्यांनीच साच्यात पसरल्या. दुसऱ्या दिवशी साचा सोलला, तर पाटी काचेसारखी स्वच्छ निघाली. वामनराव ती स्वतः त्या बाईंकडे देऊन आले.

वास्तुशांतीच्या संध्याकाळी गार्गीच्या मोबाइलवर त्या बाईंचा फोन आला. "काका, येणारा प्रत्येक जण दारातच थांबून पाटी बघतोय. गार्गीला सांगा हं, अगदी मनासारखी झालीय!"

"सांगतो," म्हणून वामनरावांनी फोन ठेवला.

"खरं का नाही सांगितलंत?" मालतीबाईंनी विचारलं.

"त्यांच्या घरात तरी," वामनराव म्हणाले, "असू दे ना ती."