लव्हाळ्याच्या गाठी

गावातली डुकरं झुंबरबाईच्या लिंबाच्या बागेत शिरली होती आणि काट्यांचं कुंपण बाजूला सारून त्यांना आत घालणारा तिचा धाकटा दीर रुपचंद बांधावर उभा राहून खदाखदा हसत होता.

"मेल्या, तुझं वाटोळं होवो!" झुंबरबाई कुदळ घेऊन धावली. डुकरं हलतील तर शपथ! कालच पाणी दिलेल्या मातीत नाकाडं खुपसून ती नुसती उकरत सुटली होती.

स्वराज्य आलं त्या साली नवरा अंथरुणाला खिळला. तो गेला तोवर गिरणेकाठची ही बाग लव्हाळ्यानं गिळली होती. लव्हाळा म्हणजे महा हलकट गवत. वरून कितीही उपटा, खाली मातीत गाठी तशाच, आणि एक गाठ राहिली की पुन्हा सगळं रान हिरवं. रुपचंदनं भाऊबंदांकडून वदवून घेतलं होतं. पाडव्यापर्यंत बाग निर्मळ झाली तर वहिनीची, नाही तर रुपचंद कसणार. पाडवा आठवड्यावर आला होता. बाईच्या हातांची सालटी निघाली होती.

रुपचंदनं भाऊबंदांतल्या वडीलधाऱ्या चुडामणआबांना सोबतच आणलं होतं.

"पहा आबा, सारी बठ्ठी बाग बाटी गई! आते इथली लिंबं कोन खाई? आजच माले द्या."

झुंबरबाईला रडू फुटलं, संतापाचं. तिच्या घरात डुकराचं नुसतं नाव निघालं तरी चूळ भरायचे. आता सगळं संपलं, असं वाटून ती मटकन खाली बसली.

आबा नाक दाबून आत शिरले. काठीनं इथं उकरलं, तिथं उकरलं. मग नाक सोडून वाकले आणि एक ढेकूळ हातानं फोडलं. शेजारचं डुक्कर कचाकचा काहीतरी चावत होतं. लव्हाळ्याच्या गाठीच त्या! झाडांना मात्र एकाचंही तोंड लागलं नव्हतं.

"जठे डुकरं फिरनात," आबा हळूच म्हणाले, "तठे गाठ नावाले नही."

रुपचंदचं हसू मावळलं. त्यानं दगड उचलला आणि डुकरांना हाकलायला धावला.

झुंबरबाई कुदळ घेऊन त्याला आडवी आली.

"खबरदार, रुपचंद! दगड खाली ठेव. अजून अर्धी बाग बाकी शे."