हौसाबाईंच्या घराची परीक्षा

या, असे पुढे सरकून बसा. मांडी घालणं जमत नसेल तर पाय पसरा, देव रागावत नाही. कोपरीच्या हौसाबाईंची हकिकत सांगायची आहे, आणि ती थेट न्हाणीघरातून सुरू होते. कारण त्या घडीला हौसाबाई तिथेच आडव्या पडल्या होत्या.

मोडलं काहीच नाही. पण मुलगा धनेश डोंबिवलीहून धावत आला, दारातल्या पायरीला ठेचकाळला, उंबरठ्याला अडखळला आणि घरभर नजर फिरवून म्हणाला, "आई, हे घर म्हाताऱ्या माणसाला राहण्याजोगं नाही."

हौसाबाई काय समजायचं ते समजल्या. धनेशचा फ्लॅट सोळाव्या मजल्यावर. तिथून देवळाचा कळससुद्धा दिसायचा नाही. इथे विठोबाचं देऊळ वीस पावलांवर. दर एकादशीला कीर्तन, आणि बुवांच्या अगदी समोरची जागा चाळीस वर्षं हौसाबाईंची. आणि घरी परतल्यावर रिकाम्या खोलीत बसून सगळं आख्यान मनातल्या मनात पुन्हा ऐकायचं. ते सुख त्यांना कुणाच्या स्वाधीन करायचं नव्हतं.

"मी डोंबिवलीला येणार नाही. आत्ताच सांगून ठेवते."

धनेशने बायकोकडे पाहिलं. कल्पिताने भिंतीकडे पाहिलं.

"बरं," धनेश म्हणाला. "मग घरच सुधारून घेऊ. महिन्याने बघू काय ते."

महिन्याने बघू! म्हणजे परीक्षाच की. हौसाबाईंनी पदर खोचला.

दौलत मिस्त्री दुसऱ्या दिवशीच हजर. पायऱ्यांवर उतार केला, न्हाणीघरात न घसरणाऱ्या लाद्या बसवल्या, कमोड आला, भिंतीला धरायच्या दांड्या आल्या. गाडं अडलं ते उंबरठ्यापाशी.

"लक्ष्मीचा उंबरठा उखडणार? हात तर लावून बघ!" हौसाबाई आडव्या उभ्या राहिल्या.

दौलतने पहार खाली ठेवली. "मावशी, पाडत नाही, निजवतो. पितळेची पट्टी जमिनीला सपाट बसवतो. तिला हळद-कुंकू वाहा, पाय मात्र उचलायला नको."

हौसाबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या सुजलेल्या पायांकडे. "बसव," त्या म्हणाल्या. "लक्ष्मीचंही वय झालंच असेल. तिला तरी पाय उचलायला कशाला लावायचं?"

धनेश दर रविवारी येई आणि खोड काढी.

"दांडी जरा वर हवी होती."

"माझ्या हाताला बरोब्बर येते. इथे ताडमाड कोण आहे?"

"तसं नाही... एक वर पण लाव दौलत. असू दे."

पुढच्या रविवारी त्याने न्हाणीघराच्या दाराला टेप लावली. "अजून सहा इंच रुंद कर."

"मी काय हत्ती आहे?" हौसाबाई कडाडल्या. पण परीक्षा म्हटल्यावर वाद कशाला? दार सहा इंच वाढलं. कॉट भक्कम हवी म्हणाला, सागवानी आणवली. ती खिडकीशी नको, दाराशी हवी म्हणाला, तीही सरकवली. कल्पिता प्रत्येक वस्तूचा फोटो काढी आणि कळव्याला आपल्या आईला पाठवी.

"ठमाबाईंना कशाला गं?" हौसाबाईंनी विचारलं.

"सहज हो आई. तिला बघायची हौस."

विहीणबाईंना हौस कशाची नव्हती? बाई उंच, धिप्पाड आणि अखंड बोलणारी. एकदा कोपरीच्या कीर्तनाला आली, तर आख्यान रंगात आलं असताना पुढे काय होतं ते तिने बुवांच्या आधीच सांगून टाकलं होतं! बघू दे फोटो, जळू दे, असं म्हणून हौसाबाई दांडीला धरून फोटोत हसल्यासुद्धा.

महिना भरला. धनेश आला. उतारावरून तीनदा वरखाली चालला, झाकण पाडून कमोडवर बसला, दोन्ही दांड्यांना लोंबकळून पाहिलं. हौसाबाई विठ्ठल विठ्ठल करत मागे मागे.

"आई, खरं सांग. गुडघे गेलेत, वॉकरशिवाय पाऊल पडत नाही, जिना तर बंदच, अशी बाई इथे राहील?"

पुढे आपले असेच दिवस येणार, हे हौसाबाईंना ठाऊक होतं. त्याच दिवसांचं पोरगं विचारतंय. शेवटचा प्रश्न! त्यांनी पदर पुन्हा खोचला.

"राहील की! राणीसारखी राहील. कुणावर भार न होता राहील. शंभरी गाठेल बघ या घरात!"

"देवाशपथ?"

"विठ्ठलाच्या पायाशपथ!"

धनेशचे डोळे पाणावले. त्याने वाकून आईला नमस्कार केला. हौसाबाईंनीही देवाला हात जोडले. जिंकलो, पांडुरंगा! एवढ्यात धनेशने दाराशी जाऊन हाक मारली, "कल्पिता, आई हो म्हणाली गं! उतरव त्यांना."

बाहेर टेम्पोचा फाळका धाडकन पडला. उतारावर वॉकर खडखडला, सहा इंच, आणखी सहा इंच, आणि पितळी पट्टी सहज ओलांडून कळव्याच्या ठमाबाई आत आल्या. "आयलू गो बाय! तिसऱ्या माल्यावरशी सुटले एकदाची. आता जल्मभर दोघी मिलून गप्पा मारू!"

मंडळी, नामस्मरणाला बसाल तेव्हा हौसाबाईंची आठवण ठेवा, आणि एक नाव त्यांच्या वाटचंही घ्या. त्यांना स्वतःला सध्या मध्ये बोलायला जागा मिळत नाही.